दोषाची तारीख

धाकट्या पुतण्यानें विचारलें, "काका, कॅननचा वापरलेला 'ईओएस एम' कॅमेरा स्वस्तांत मिळतो आहे, पण परीक्षणें वाईट आहेत. घेऊं का?" परीक्षणें २०१२ सालचीं, कॅमेरा निघाला तेव्हांचीं होतीं. फोकस साधण्यास तो फार वेळ घेतो, हा मुख्य आक्षेप. चित्रांची स्वच्छता मात्र परीक्षकांनींहि वाखाणली होती. २०१३ मध्यें कंपनीनें आंतील आज्ञावली सुधारली व तो दोष बराच निवळला. म्हणून परीक्षणाची तारीख आधीं पाहावी, मग आपली गरज. धांवत्या मुलांकरितां हा कॅमेरा नव्हे. ओटीवर जपमाळ घेऊन बसलेल्या मातोश्रींकरितां पुरे. उत्तम कॅमेऱ्यापुरते पैसे सांठेपर्यंत त्यांनीं थांबावें, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? "घे," म्हणालों, "मात्र ती सुधारणा झालेली आहे ना, एवढें पाहून घे."