एका पायासाठी पंगत

मंडळी, यंदा आमच्या शहाडच्या सोसायटीत एक वाद झाला. पार्किंगचा नाही, पाण्याचाही नाही. वाद होता पिठलं-भाकरीचा!

झालं असं. 4 एप्रिल हा भूसुरुंगांविषयी जागृतीचा दिवस, संयुक्त राष्ट्रांनी 2005 साली ठरवलेला. त्या संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांनी एकत्र जेवावं, हॉटेलात गेलो असतो तर जेवढे पैसे मोडले असते तेवढे पाकिटात घालावेत, आणि ते कृत्रिम पाय बसवणाऱ्या संस्थेला द्यावेत, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. कल्पना माझी नव्हे. 2001 पासून काही वर्षं 'नाइट ऑफ अ थाउजंड डिनर्स' या नावाने देशोदेशीचे लोक अशी जेवणं करत. जमलेला पैसा सुरुंग काढायला आणि जखमींच्या मदतीला जाई.

शेजारचे काका सरळ माणूस. ते म्हणाले, "बाई, लोकांचे पाय तुटलेत आणि आपण पंगती उठवायच्या? द्यायचं तर गुपचूप द्यावं."

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्यात तथ्य आहेच. मदतीच्या नावाने हॉल, ऑर्केस्ट्रा, हारतुरे आणि फोटो. खर्च वजा जाता गरजवंताच्या वाट्याला काय उरतं, हे आपण सगळेच पाहतो.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक शब्द डोक्यात घोळत राहिला. चाळीसएक वर्षं मराठी शिकवूनही याकडे लक्ष गेलं नव्हतं. आपण मराठीत धान्य पेरतो आणि सुरुंगही 'पेरतो'! क्रियापद एकच. जिथे सुरुंग पेरले तिथे धान्य पेरता येत नाही. सुरुंग पाय नेतो आणि ताटातली भाकरीही नेतो. मग त्यासाठी भाकरीच्याच ताटावर एकत्र बसणं विसंगत कसं?

हे माझ्यासाठी पुस्तकी नाही. सेंच्युरी रेयॉनमधल्या एका कामगाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. पुढे लष्करात गेला. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले, शेतांमध्येसुद्धा. ते काढताना 2002 साली राजस्थानात त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून गेला. पेरायला काही मिनिटं लागतात, काढताना मात्र जमीन वीत-वीत तपासावी लागते. आणि सुरुंगाला युद्ध संपल्याचं कळत नाही. तो वर्षानुवर्षं वाट पाहत पडून राहतो.

1997 च्या ओटावा करारावर भारताने सही केलेली नाही. सीमेचं रक्षण कसं करावं हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण 2025 मध्ये पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनीही त्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं, म्हणजे यापुढेही पाय जाणार. आणि हे लांबचं दुखणं समजू नका. 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला.

जेवणातून मदत आपल्याला नवी आहे का? माझे वडील वार लावून जेवून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडासाठी बायका मूठभर धान्य बाजूला काढत आणि त्यावर वसतिगृहातली मुलं जेवत. ती मूठ एकदाच काढून भागत नसे. कृत्रिम पायाचंही तसंच आहे. तो काही वर्षांनी झिजतो, बदलावा लागतो. वाढत्या मुलाचा तर लवकर लवकर. एकदा गुपचूप दिलेलं दान चांगलंच, पण ते विसरलं जातं. दरवर्षीची पंगत विसरू देत नाही.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. जेवणाचा खर्च रांधणाऱ्यांनी सोसायचा, पाकिटातला रुपयाही त्यात जाणार नाही. पाकिटावर नाव नाही. आणि भाषण नाही.

माझा विद्यार्थी आला होता. कोणीतरी हौसेने शाल-श्रीफळ आणलं होतं. तो म्हणाला, "बाई, शाल नको. जेवायला बोलावलंत ना, मग जेवतो." आणि मांडी घालून पंगतीत बसला. जयपूर फूट रबराचा असतो. खाली बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या आपल्या माणसांसाठीच डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्या दिवशी त्याचा अर्थ मला नीट कळला.

काका जेवले नाहीत. "मला पटत नाही ते नाहीच," म्हणाले. पण शेवटपर्यंत वाढत होते. जमलेली रक्कम फार नव्हती. पुढच्या वर्षीही पंगत बसेल, वाद झाला तरी. तुमच्या गच्चीचं काय?