ट्रॅकवर जाऊ द्या, पण तयारी बघून!

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मागच्या रविवारी थांबवलं. "भाऊ, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असतं. पोरगं म्हणतंय चेन्नईला रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी चालवायला जायचंय. जाऊ देऊ का?"

पोरगं तेवीस वर्षांचं, सातपूर एमआयडीसीत कामाला. दोनशे सीसीची गाडी हप्त्यावर घेतलेली. वहिनींना वाटलं, मी नकोच म्हणेन. मी म्हटलं, जाऊ द्या, पण तयारी बघून.

कारण हेच पोरगं दर रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला गाडी पळवतं. तिथे राँग साइडने येणारा टेम्पो, अचानक आडवं येणारं कुत्रं, पायी निघालेले भाविक, कशाचाच भरवसा नाही. ट्रॅकवर निदान सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडे घेतलेले मार्शल असतात, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते.

पण ट्रॅक म्हणजे कवच नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा. तिथेच 5 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय स्पर्धेत बेंगळुरूचा 13 वर्षांचा रायडर पडला आणि गेला. ट्रॅकवर वैद्यकीय मदत होती, तरी गेला. म्हणून तयारीत कसूर चालत नाही.

संध्याकाळी पोराला बोलावलं. हेल्मेट दाखव म्हटलं. गेल्या वर्षी तो पडला होता तेव्हाचंच! एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, ते बदलायचंच. लेदर सूट? नाही. पाठीचं गार्ड? नाही. बूट कंपनीतले. टायरमध्ये हवा किती? माहीत नाही. ज्या सातपुरात सिएटचे टायर बनतात, तिथल्या पोराची ही गत!

आणि बेत काय, तर तेराशे-चौदाशे किलोमीटर त्याच गाडीवर जायचं, रात्रभर चालवून सकाळी थेट ट्रॅकवर. न झोपलेल्या माणसाला ब्रेक उशिरा सुचतो. ट्रॅकवर तो अर्धा सेकंद फार महाग पडतो.

मग कागदावर लिहून दिलं. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नवं. चेनचा ताण तपासलेला. ऑइल कुठेही गळत नाही ना ते बघितलेलं, कारण आपलं ऑइल मागच्याला पाडतं. आरसे काढायचे, दिव्याच्या काचेला टेप लावायची. आदल्या दिवशी पोहोचून झोपायचं. उन्हात सूट घालून अंगातलं पाणी जातं, तेव्हा मधेमधे पाणी प्यायचं. नाव नवशिक्यांच्या गटातच नोंदवायचं. झेंडे पाठ पाहिजेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, वेग कमी करून आत या. काळा तुम्हाला दाखवला तर तुम्ही बाहेर.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. पडलात तर खर्च खिशातून, हप्ता मात्र चालूच.

नाशिककरांना 15 ऑगस्ट 2021 ची 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम आठवत असेल. तेव्हा पंपापुरतं दुसऱ्याचं हेल्मेट घालणारे आपणच होतो. पोलिसांसाठी घातलेलं हेल्मेट पंपाच्या पुढे टिकत नाही. ट्रॅकवर एक बरं असतं, तयारी नसेल तर गेटवरूनच परत पाठवतात.

रस्त्यावर तसं गेट नाही. तिथे आहे तो कायदा: शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाने पोरगं परत येत नाही. म्हणून माझं म्हणणं, घरातच गेट उभं करा. "जाऊ नको" म्हटलं तर पोरं न सांगता जातात. "तयारी दाखव" म्हणा.

वहिनींच्या पोराने या वेळचं जाणं रद्द केलं. आता सूटसाठी पैसे साठवतोय. तोवर त्र्यंबक रोडला पळवणार नाही, असा शब्द दिलाय. पाळतो का, ते रविवारी बघू.

तुमच्या घरातल्या रायडरचं हेल्मेट आज एकदा हातात घेऊन बघा. काय दिसलं ते खाली लिहा.