आधी काय उघडलं होतं, ते सांगा

गाडी गॅरेजातून घरी आली आणि दोन दिवसांत नवाच त्रास सुरू झाला, की लोक विचारतात, आता कुठला पार्ट गेला? माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, गॅरेजात काय काय उघडलं होतं? मी गुहागर आगारात एसटीच्या इंजिनांवर नोकरी केली. कार्यशाळेतून सुटलेली गाडी तक्रार घेऊन परत आली, की आम्ही पहिल्यांदा मागचं काम बघायचो. कुठे पाना लागला होता, कुठला पाइप काढला होता, तिथूनच सुरुवात. चांगली चालणारी वस्तू त्याच आठवड्यात आपोआप बिघडणं अगदी अशक्य नसतं, पण बहुतेक वेळा बिघाड हात लागलेल्या जागीच सापडतो.

आता वेळणेश्वरात निवृत्त होऊन राहतोय, तरी गावातल्या गाड्या दारात येतात. शेजारच्या मुलाची डिझेल गाडी आहे, चिपळूण स्टेशनवरून पर्यटक आणतो. क्लचप्लेट बदलून आणली आणि दुसऱ्याच दिवशी गावातून वर सड्याकडे चढताना गाडी ओढेना, मागे काळा धूर. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी-०२९९. "काका, टर्बो गेला म्हणतात. चाळीस हजार सांगितलेत."

मी विचारलं, "गिअरबॉक्स उतरवताना वरचे पाइप काढले होते का?" त्याला माहीत नव्हतं, बिलावर फक्त 'क्लच काम व मजुरी' एवढंच. बॉनेट उघडून टॉर्च मारला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपच्या तोंडाशी ताजं तेल पाझरून त्यावर धूळ चिकटली होती, आणि क्लॅम्प तिरका बसला होता. पाइप हाताने हलला. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर पडत होती. इंजिनात हवा कमी, डिझेल मात्र पुरेसं, म्हणून काळा धूर. जागेवर रेस देऊन हे फारसं कळत नाही, कारण टर्बोवर भार येत नाही. चढाला गाडी घातली की सूं आवाज येतो, आणि तो आवाज गॅरेजच्या सपाट अंगणात कुणी ऐकलेलाच नसतो. पाइप शेवटपर्यंत सरकवला, क्लॅम्प सरळ करून आवळला. त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली.

त्या कोडचा अर्थ टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा कमी पडतोय, एवढाच. का कमी पडतोय, हे यंत्र सांगत नाही. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो, आजार सांगत नाही, तसंच हे. पेट्रोल गाडीत पी-०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. थ्रॉटल साफ करताना निघालेली बोटाएवढी व्हॅक्यूमची नळी परत लावलीय का, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

कूलंट बदलल्यावर गाडी गरम होते, हीही नेहमीची तक्रार. काटा वर चढलेला असताना हीटर चालू करून बघा. गार हवा आली, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय, असं धरून चाला. मात्र इंजिन गरम असताना कूलंटच्या झाकणाला हात लावू नका, भाजाल. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट, खारी हवा. बॅटरी काढून लावली, अर्थिंगच्या पट्टीखालचा गंज तसाच राहिला, की डॅशबोर्डवर एकदम चार-चार दिवे लागतात आणि माणूस सेन्सरांच्या मागे धावतो.

गॅरेजातल्या पोरांवर मी सगळा दोष टाकणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गाड्यांमध्ये सेन्सर वाढले, पण कंपनीची दुरुस्तीची पुस्तकं आणि पूर्ण स्कॅनर आमच्या शृंगारतळीच्या गॅरेजवाल्याला कोण देतो? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना याच कारणावरून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असं त्या आदेशात होतं. प्रकरण अपिलात गेलं. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. आमच्याकडे कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे साठेक किलोमीटरवरचं चिपळूण. इथला माणूस गावच्या मिस्त्रीवरच अवलंबून आहे, म्हणून दुरुस्तीची माहिती त्या मिस्त्रीपर्यंत पोहोचणं हा आमच्यासाठी रोजीरोटीचा प्रश्न आहे. आमच्याच गावात अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्या प्रयोगशाळेत तालुक्यातल्या गॅरेजच्या मुलांना महिन्यातून एक दिवस स्कॅनर वाचायला शिकवलं, तर किती जणांचे टर्बो आणि सेन्सर फुकट बदलायचे वाचतील!

गॅरेजमालकांकडे माझी मागणी मात्र पैशांची नाही. बिलाच्या मागे चार ओळी लिहा: कुठले पाइप, कुठले कनेक्टर, कुठले नट काढले. काम करण्याआधीचे कोड पुसण्यापूर्वी लिहून ठेवा. ते पुसले की पुढच्या मिस्त्रीचा धागा तुटतो. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि चढ असेल तिथे भार घालून गाडी चालवून मगच चावी द्या.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनाही सांगतो, निघायच्या आदल्या संध्याकाळी सर्व्हिसिंग करून आणू नका. निदान आठ दिवस आधी करा, गाडी रोजच्या कामाला फिरवा, एखाद्या चढावर नेऊन बघा. सैल राहिलेला क्लॅम्प तुमच्या घराजवळ सुटला, तर ज्याने बसवला तोच तो नीट करील. कुंभार्ली घाटात मुलाबाळांसह अडकलात, तर तिथे मदतीला येणाऱ्याला काय उघडलं होतं, ते कुणीच सांगू शकणार नाही.