तंबूतल्या रात्रीची पूर्वतयारी

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली की पुण्यातल्या घरांत तंबूचे बेत शिजू लागतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या गडांच्या सोबतीने पवनेच्या जलाशयाकाठी एक रात्र काढायची, चुलीवरचे पिठले-भाकरी खायचे आणि सकाळी गडाची वाट धरायची. नातवंडे आग्रह धरतात, ‘‘आजोबा, आजी, तुम्हीही चला.’’ आणि मधली पिढी विचारात पडते. न्यावे की नेऊ नये?

न्यावे, असेच माझे मत आहे. मात्र ही चर्चा बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू होते. गड चढवेल का, एवढे चालवेल का, याचीच सर्वांना चिंता. वास्तविक चालण्याचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. दम लागला की बसता येते, वाटले तर परतता येते. खरा कस लागतो तो रात्री दोन-तीनच्या सुमारास, लघवीसाठी उठावे लागते तेव्हा. सोयींनी सज्ज शिबिरांत दिवे आणि स्वच्छतागृहे असतात. साध्या तंबूत जमिनीवरचे अंथरूण, वाकून ओलांडायचे दार, बाहेर ताणलेल्या दोऱ्या आणि काळोख एवढेच असते.

आपण दिवसभर चालतो, बसून राहतो, तेव्हा पायांत पाणी साठते. आडवे झाल्यावर ते रक्तप्रवाहात परतते आणि मूत्रपिंडे त्याचा निचरा करू लागतात. थंडीनेही लघवीचे प्रमाण वाढते. म्हणजे घरी एकदा उठणाऱ्याला तंबूत दोन-तीनदा उठावे लागले, तर नवल नाही. त्यातच झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब घसरतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर वैद्यक त्याला दोष मानते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे ही शक्यता आणखी वाढते. डोळ्यांपुढे अंधारी आणि पायाखाली दोरी, असा तो योग असतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने सोसले आहे त्याला सांगायला नको.

म्हणून जाण्यापूर्वी आठवडाभर आधी एक परीक्षा घरीच घ्यावी. रात्री पलंग सोडून जमिनीवर सतरंजी अंथरून झोपावे. मात्र घरातले कोणी त्याच खोलीत असावे. रात्री जाग येईल तेव्हा कुशीवर वळावे, हातांवर आणि गुडघ्यांवर यावे, भक्कम खुर्चीवर हात टेकून एक पाऊल पुढे ठेवावे आणि सावकाश उठावे. उठल्याबरोबर चालू लागू नये. मिनिटभर खुर्चीत बसावे. हे विनासायास जमले, तर तंबूची रात्र आपली आहे. गुडघे बदललेले असतील किंवा जमिनीवरून उठणे जड जात असेल, तर बेत मोडण्याचे कारण नाही. खुर्चीच्या उंचीची घडीची खाट आणि उभे राहता येईल असा उंच तंबू मिळवावा. न्यायचेच असेल तर हे न्यावे. गाडीत अंताक्षरीच्या कर्ण्याला जागा होते, तशी खाटेलाही होते.

लघवीचे भांडे मात्र निःसंकोच जवळ ठेवावे. संकोचापायी अनेक ज्येष्ठ, विशेषतः आजीमंडळी, दुपारपासून पाणीच पीत नाहीत. त्याने चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग मात्र पदरात पडतो. पाणी दिवसा भरपूर प्यावे, रात्री निजण्यापूर्वीचा चहा तेवढा टाळावा. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. नवी झोपेची गोळी त्या रात्री प्रथमच घेऊन पाहू नये. सोबत्यांनी तंबूच्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात आणि ज्येष्ठांच्या उशाशी विजेरी, शिट्टी व चष्मा ठेवावा. पादत्राणे झटकूनच घालावीत, विंचू-सापाचे भय असते.

थंडीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वयोमानाने थंडीची जाणीव बोथट होते. ‘‘मला काही थंडी वाजत नाही’’ हे आजोबांचे वाक्य प्रमाण मानू नये, हातपाय चाचपून पाहावेत. जमीन अंगातली ऊब शोषून घेते, तेव्हा पांघरुणाइतकेच लक्ष अंथरुणाकडे द्यावे. परंतु ऊब हवी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत कदापि आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. झोपलेला माणूस जागा होतच नाही.

तंबू पाण्यापासून दूर आणि उंचावर, जागेच्या मालकाला विचारून उभारावा. जलाशयाचा काठ निसरडा असतो आणि खोली एकाएकी वाढते; पोहता येणाऱ्यांनीही आत उतरू नये. जवळचे रुग्णालय कुठे, मोबाइलला संपर्क कुठे मिळतो, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे. 108 ही रुग्णवाहिका निःशुल्क आहे, पण तिला बोलावण्यासाठी दूरध्वनी लागायला हवा. औषधांची यादी खिशात, इन्शुलिन उन्हात तापलेल्या गाडीत नव्हे तर सावलीत. सकाळची गोळी आणि न्याहारी झाल्यावरच गडाकडे पाहावे.