अॅम्बेसेडर श्रेष्ठ की पद्मिनी?

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हा वाद पेटतोच. निवाडा करण्याआधी दोघींचे कूळ पाहिलेले बरे.

अॅम्बेसेडर मुळात ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्तान मोटर्सने ती कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे घडवण्यास आरंभ केला. पद्मिनी ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. ‘पद्मिनी’ हे बारसे सत्तरच्या दशकातले.

चालवण्यात पद्मिनी निःसंशय सरस. इंजिन अवघे १०८९ सीसीचे, तर अॅम्बेसेडरचे दीर्घकाळ १४८९ सीसीचे. परंतु पद्मिनीचे अंग हलके व आटोपशीर असल्याने मुंबईच्या गर्दीत ती चपळ ठरे. अॅम्बेसेडर वळणावर चांगलीच झुके. मात्र खडबडीत रस्त्यावर तिचे पुढचे टॉर्शन बार आणि मागचे पाटे धक्के पचवीत, आणि मागची बैठक ऐसपैस होती. मंत्रिमहोदयांना मागेच बसायचे असे, हेही विसरता कामा नये.

दोघींची खरी कीर्ती देखभालीची. किंगपिनला वेळेवर ग्रीस, कार्बुरेटरची सफाई, पॉइंटमधील अंतर तपासणे: तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही हे डोळे मिटून करी. ‘तेव्हाच्या गाड्या किती सोप्या!’ हा उद्गार इथूनच येतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. मिस्त्रीचे कसब थोरच. तथापि ते इतके सर्वदूर पसरले याचे एक कारण असे की यंत्राचा मूळ आराखडा दशकानुदशके फारसा बदललाच नाही.

तो बदलण्याची निकडच नव्हती. १९५३मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे स्थान उरले नाही. परवाना पद्धतीत मोजकेच उत्पादक राहिले आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत उभा राहिला. आज ज्याला आपण जुन्या पिढीची निष्ठा म्हणतो, ती बव्हंशी निरुपाय होती. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा खासगी ग्राहकाने या दोघींकडे पाठ फिरवण्यास फार काळ लावला नाही.

टिकून राहिले ते सरकारी ताफे आणि टॅक्सीतळ. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३पर्यंत धावत होती.