कुंडीतली सहदेवी

"हा कचरा कुंडीत कायले लावून राहिल्या जी?" बागेचं काम करायला येणाऱ्या काकांनी विचारलं आणि हात रोपट्याकडे नेला. मी घाईघाईनं कुंडी मागं ओढली. कचरा म्हणजे सहदेवी. वीतभर-दीड वीत उंचीची, काडीसारखी, टोकाला जांभळट गोंडे. नागपुरात पावसाळ्यात फुटपाथच्या फटीतही उगवते, म्हणून तिला किंमत नाही.

मलाही तिची किंमत नव्हती. मागच्या वर्षी नर्सरीतून अॅस्टरची सहा रोपं आणली. गच्च पाकळ्यांची फुलं महिनाभर मिरवली, पण एक माशी फिरकेल तर शपथ! कारण नंतर कळलं. अॅस्टरच्या कुळात ज्याला आपण एक फूल म्हणतो, ती इवल्या फुलांची पंगत असते. मध असतो तो मधल्या चकतीतल्या नळीदार फुलांत. गच्च, दुहेरी जातींत त्या चकतीची जागा पाकळ्यांनीच बळकावलेली. ताट चांदीचं, वाढलेलं काहीच नाही. शिवाय हा बाजारातला अॅस्टर मूळचा चीनचा. त्याच कुळातली आपल्याकडे आपसूक उगवणारी मंडळी म्हणजे सहदेवी, केसांच्या तेलातला माका, आणि भंडारा-गोंदियाकडे धान कापल्यावर ओलसर बांध्यांत जांभळे गोळे मिरवणारी गोरखमुंडी.

सहदेवीचं बी विकत घ्यावं लागत नाही. गोंडा पिकला की पांढरी म्हातारी होते. उडायच्या आत, कोरड्या दिवशी चिमटीनं कागदी पाकिटात काढायची. तळहातावर चोळलं की केस सुटतात, खाली उरतं ते बारीक बी. त्यातलं बरंच पोचट, म्हणून हात सैल ठेवून पेरावं. मृगाच्या दोन सरी पडू द्याव्यात. आपली काळी माती नुसती वापरली तर वर पापडी धरते, म्हणून तिच्यात निम्मी वाळू आणि थोडं चाळलेलं शेणखत. बी पुरायचं नाही, भुरभुरवून तळव्यानं दाबायचं. पाणी झारीनं दिलं की बी वाहून जातं. त्याऐवजी पेरलेला ट्रे पाण्याच्या परातीत ठेवला की माती खालून ओल ओढून घेते. चार पानं आली की कुंडीत.

पोळ्याच्या सुमारास पहिले गोंडे उमलले. मुगाच्या दाण्याहून जरासेच मोठे, पण प्रत्येकात वीसेक फुलं. सकाळी नऊला फुलोरी माशी आली. तिच्या भारानं काडी वाकली, ती मात्र झुलत झुलत एकेका नळीत सोंड घालत राहिली. मागोमाग नखाएवढी निळसर फुलपाखरं.

म्हणून बागेत सगळंच रान माजू द्यायचं असं नाही. गाजरगवतही याच कुळातलं, परदेशातून आलेलं, 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेस पडलं आणि देशभर पसरलं. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटावंच. तण म्हणून उपटण्याआधी नाव विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

परवा काका खुरपं घेऊन बसले होते. गाजरगवताचा ढीग एका बाजूला, आणि हातात सहदेवीचं मुळासकट निघालेलं एक रोप. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे ठेवाचं, का इडापिडेवानी मारबतीसंगं धाडाचं?"

मी रिकामी कुंडी पुढं सरकवली. तीच, अॅस्टरची.