‘तोंड मीट’ म्हणण्याआधी

आपल्या घरांत मुलांना उठता-बसता जी वाक्यं ऐकावी लागतात, त्यांत ‘तोंड मीट, माशी जाईल’ याचा नंबर बराच वरचा आहे. टीव्हीसमोर बसलेलं पोर असो, वहीवर वाकलेलं असो की लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत उभं केलेलं असो, ओठ विलग दिसले की कुणीतरी टोकतंच. पोर बिचारं तोंड मिटतं आणि दोन मिनिटांनी पुन्हा उघडतं. मग ‘बावळट दिसतोस’, ‘लक्ष कुठंय तुझं?’ वगैरे सुरू होतं. हेच पोर रात्री घोरू लागलं की मात्र सगळ्यांचा सूर बदलतो. ‘दमलाय हो, बघा कसा गाढ झोपलाय!’

मला वाटतं, आपण दोन्ही वेळा उलटं वागतो. दिवसा रागावण्यासारखं काही नसतं आणि रात्री कौतुक करण्यासारखं तर अजिबात नसतं. नुसती सवय म्हणून तोंड उघडं ठेवणारी मुलं असतातही. पण पुष्कळदा तोंड उघडं असतं ते नाक बंद असतं म्हणून.

माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती गाळायची, ओलसर करायची आणि घशापर्यंत पोचेतो शरीराइतकी ऊबदार करायची, ही सगळी कामं नाक करतं. नाकाशेजारच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसात उतरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. तोंडाकडे यातली कुठलीच सोय नाही. त्या वाटेने हवा कोरडी आणि धुळीसकट आत जाते. लाळ सुकली की दात किडायला मोकळं रान मिळतं, हिरड्या लाल होतात आणि सकाळी तोंडाला वास येतो.

लहान मुलांचं नाक बंद होण्याची दोन कारणं फार आढळतात. एक ॲलर्जीची सर्दी आणि दुसरं ॲडेनॉइड. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असलेली ही गाठ ‘आ’ करायला लावलं तरी दिसत नाही. म्हणून ‘टॉन्सिल तर ठीक आहेत’ म्हणून घरी परतलेल्या मुलाचं ॲडेनॉइड वाढलेलं असू शकतं. दुर्बिणीने किंवा मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये ते कळतं.

पण कान देऊन ऐकलं तर घरच्यांनाही शंका यायला हरकत नाही. माझ्या भाचीचा मुलगा सुट्टीत राहायला आला होता. दुधाचा पेला पुढे केला की म्हणायचा, ‘बावशीआजी, बला दूध दको.’ सगळ्यांना तो लाडिकपणा वाटायचा. दुधाच्या घोटाघोटाला पेला खाली ठेवून तो तोंडाने श्वास घ्यायचा आणि मग पुढचा घोट. टीव्हीचा आवाजही मोठा लागायचा. नाकातून हवा जात नसली की ‘म’चा ‘ब’ होतो आणि ‘न’चा ‘द’. ॲडेनॉइडमुळे कानाकडे जाणारी नळी तुंबली की ऐकूही कमी येतं. भाचीने त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा या साऱ्याची एकच गाठ निघाली.

ही गोष्ट काही नवी नाही. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर नावाच्या डॉक्टरांनी 1868 मध्ये या वाढीचं सविस्तर वर्णन केलं. बद्द आवाज, उघडं तोंड, मंद श्रवण हे सगळं त्यांनी एका जागी आणून ठेवलं. पुढे त्यांचा पुतळा उभारला गेला. वर्गात मठ्ठ ठरलेल्या पुष्कळ मुलांना मुळात नीट ऐकूच येत नसणार.

आता चेहऱ्याबद्दल, कारण आईबापांना दवाखान्यापर्यंत आणते ती बहुधा हीच काळजी. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकलेली असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंड सतत उघडं राहिलं की ती खाली येते. मग गालांचा दाब वरचढ ठरतो, टाळू अरुंद आणि खोल होतो, दातांना जागा पुरत नाही. खालचा जबडा खाली-मागे कलतो आणि चेहरा लांबट दिसू लागतो. एगिल हार्वोल्ड यांनी अमेरिकेत माकडांच्या नाकपुड्या बुजवून हे तपासलं होतं. माकडांचे जबडे आणि दात बदलले, पण सगळ्यांचे एकसारखे नाही. माणसाचंही तसंच. चेहरा आईबापांकडूनही येतो, त्यामुळे प्रत्येक लांबट चेहऱ्यामागे बंद नाक शोधू नये.

सध्या रीलवाल्यांनी ही अर्धी माहिती उचलली आहे. रात्री ओठांवर चिकटपट्टी लावा, जॉलाइन कोरीव होईल, असं सांगणारे तरुण फोनमध्ये रोज भेटतात. वाढ पूर्ण झालेलं हाड पट्टीने हलत नाही. शिवाय नाक बंद असणाऱ्याने तोंडही बंद केलं तर त्याने श्वास घ्यायचा कुठून? मुलांच्या बाबतीत तर हा प्रयोग अजिबात नको. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले नाक मोकळं करणारे थेंबही तसेच. ते काही दिवसांपलीकडे वापरत राहिलं की थेंबांमुळेच नाक पुन्हा चोंदू लागतं.

खरी चिंता करायची ती झोपेची. मूल रोज घोरतं, मान मागे टाकून झोपतं, मध्येच श्वास थांबून दचकतं, घामाने भिजतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, ही गाढ झोपेची लक्षणं नव्हेत. मोठी माणसं अशा झोपेनंतर दिवसा पेंगतात. मुलं उलट चिडचिडी आणि चंचल होतात.

म्हणून लगेच ऑपरेशनला धावायचं असंही नाही. ॲडेनॉइड सात-आठ वर्षांनंतर आपसूक आक्रसू लागतं. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झोपेत श्वास अडणारी 5 ते 9 वर्षांची मुलं होती. लवकर ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. ऑपरेशनवाल्यांची वागणूक आणि झोपेची लक्षणं जास्त सुधारली, एकाग्रतेच्या चाचणीत मात्र फारसा फरक पडला नाही. कुणाला नाकात मारायचा स्प्रे पुरेल, कुणाला थांबणं आणि कुणाला ऑपरेशन, हे डॉक्टर तपासून ठरवतील. टाळू अरुंद झालेला असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे वयात येण्याआधी जाणं बरं; तेव्हा तो रुंदावणं सोपं असतं.

घरी करण्याजोगी साधी परीक्षा म्हणजे स्टीलचा गार चमचा. तोंड मिटायला सांगून तो नाकाखाली धरावा. दोन्ही बाजूंना वाफ धरते का, एवढंच बघायचं. आणि दवाखान्यात जाण्याआधी मूल झोपेत असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. वाढदिवसाचे आणि स्नेहसंमेलनाचे शंभर व्हिडिओ फोनमध्ये असतात, त्यांत हा एक. तो बघताना पोर कसं दिसतंय याकडे फार लक्ष देऊ नका, आवाज मोठा करून ऐका.